बेल्टेनच्या मेळाव्यासाठी चित्रपट्टी कशी काढावी

इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म ‘पेगन’, म्हणजे ख्रिस्तपूर्व श्रद्धांतून प्रेरणा घेणारा, असा लिहिला आणि आणखी सुमारे 13,000 लोकांनी ‘विक्का’ या पेगन पंथाची नोंद केली. ही मंडळी आपल्या शेजारी राहतात, आपल्याबरोबर नोकरी करतात, आणि त्यांच्यापैकी कुणाला आपण चित्रे काढतो हे कळले की एखाद्या वसंतात विचारणा होते: पहिल्यांदा येणाऱ्यांना दिवसभर काय चालणार आहे हे कळावे म्हणून मेळाव्याच्या पत्रकामागे छापायला एक पान चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) काढून द्याल का? हा लेख अशी विचारणा झालेल्या, पण पेगन विधींची किंवा चित्रपट्टीची फारशी सवय नसलेल्या, ब्रिटनमधल्या मराठी चित्रकारांसाठी आहे. उदाहरण म्हणून मी दक्षिण इंग्लंडमधला 1 मेच्या सुमारास भरणारा बेल्टेनचा, म्हणजे उन्हाळ्याच्या स्वागताचा, मेळावा घेतला आहे, कारण तो बहुधा दिवसाउजेडी, उघड्यावर आणि मुलाबाळांसह होतो आणि नवख्यांची संख्याही त्यात मोठी असते.

या पट्टीचे काम एकच असते. नवखा माणूस विधीच्या वर्तुळात न बिचकता उभा राहिला पाहिजे, आणि तसे करताना वर्तुळात आधीपासून उभा असलेला कोणीही उघडा पडता कामा नये. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या दोन गोष्टींसाठी आहे.

आधी विचारायचे प्रश्न

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी आयोजकांना विचारावे की विधी कोणत्या परंपरेचा आहे. पेगन हे एका छत्रीखालचे अनेक पंथ आहेत आणि त्यांचे विधी एकमेकांसारखे दिसत नाहीत. विक्कामध्ये वर्तुळ आखले जाते, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर या दिशांना आवाहन होते आणि त्यांच्याशी अनुक्रमे वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी ही तत्त्वे जोडलेली असतात. प्राचीन केल्टिक पुरोहितांपासून प्रेरणा घेणाऱ्या ड्रुइडांच्या अनेक समारंभांत चारही दिशांना शांती असो अशी घोषणा आधी केली जाते. हीदन मंडळी बहुधा नॉर्स किंवा अँग्लो-सॅक्सन देवतांना पेय अर्पण करतात, शिंगातून मध्वासव फिरवतात, आणि विक्काच्या पद्धतीची चार तत्त्वे त्यांच्या विधीत असतातच असे नाही. सगळ्यांसाठी खुल्या मेळाव्यात हे तिन्ही पंथ एकत्र येऊ शकतात, त्यामुळे सर्वांना टोकदार टोपी आणि झाडू देऊन मोकळे होणे म्हणजे निम्म्या पाहुण्यांना तुम्ही आमच्यात नाही असे सांगण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न दिवसाच्या क्रमाचा: फाटक किती वाजता उघडते, विधी कधी सुरू होतो, जेवण त्याआधी की नंतर, आग पेटवली जाणार आहे का, कुत्री आणलेली चालतात का, स्वच्छतागृह कुठे आहे. हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याच्या मनात देवदेवतांच्या आधी हेच असतात. तिसरा प्रश्न असा विचारावा की गेल्या वर्षी नवखे लोक कुठे अडखळले होते, कारण त्याच्या उत्तरातून पट्टीची गोष्ट जवळजवळ तयार मिळते.

प्रसंगाची माहिती

बेल्टेन हा आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या गेलिक परंपरेतला उन्हाळ्याच्या सुरुवातीचा सण आहे. सुमारे इ. स. 900 च्या एका आयरिश शब्दकोशात दोन आगींच्या मधून गुरे हाकण्याची प्रथा नोंदलेली आहे. रोगराईपासून त्यांचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू होता. मात्र आजचे पेगन ज्या आठ सणांच्या वर्षचक्रात बेल्टेन साजरा करतात, ते चक्र त्या स्वरूपात प्राचीन नाही. अयनदिन आणि विषुवदिनांचे चार सण आणि त्यांच्या मधले चार सण यांची ही मांडणी 20 व्या शतकाच्या मध्यावर विक्काचे प्रवर्तक जेरल्ड गार्डनर आणि ड्रुइड नेते रॉस निकल्स यांच्या गटांतून रूढ झाली. 1951 मध्ये ब्रिटनमधला 1735 चा चेटूकविषयक कायदा रद्द झाला आणि त्यानंतर गार्डनर यांनी उघडपणे लिहायला सुरुवात केली.

ही माहिती चित्रकाराला कशाला हवी, असे वाटेल. पट्टीत ‘हजारो वर्षांपासून अखंड चालत आलेला विधी’ असे वाक्य घालण्याचा मोह होतो, आणि बहुतेक जाणत्या पेगनांना ते खटकते. आपला धर्म आधुनिक आहे आणि त्याची मुळे जुनी आहेत हे ते मोकळेपणाने सांगतात. ‘आपण आज उन्हाळ्याचे स्वागत करत आहोत’ एवढे वाक्य खरे आहे आणि पुरेसेही आहे.

सहा चौकटींची गोष्ट

एका पानाला सहा चौकटी पुरतात. मुख्य पात्र एकच असावे, ते नवखे असावे, आणि प्रत्येक चौकटीत त्याची एक शंका फिटावी. पात्राला लांबूनही ओळखू येईल अशी एक खूण द्यावी. खालील मसुद्यात मी ठिपक्यांचा रेनकोट घेतला आहे, कारण मे महिन्यात इंग्लंडमध्ये पावसाची शक्यता गृहीत धरावीच लागते. प्रत्यक्ष पट्टी इंग्रजीत असेल, संवाद येथे मराठीत देत आहे.

पहिली चौकट: शेताचे फाटक. रेनकोटवाली बाई, हातात झाकलेले भांडे. ती म्हणते, “मला यातलं काहीच येत नाही.” फाटकावरचा स्वयंसेवक म्हणतो, “नाही आलं तरी चालतं. भांड्यात काय काय घातलंय ते मात्र या चिठ्ठीवर लिहा.” दाण्यांची, दुधाची किंवा गव्हाची बाधा असणाऱ्यांसाठी ही चिठ्ठी महत्त्वाची असते, म्हणून ती चित्रात ठळक दिसावी.

दुसरी चौकट: फोन पिशवीत जातो आहे, एवढेच जवळून. “फोटो?” “वर्तुळ मोकळं झाल्यावर. आणि ज्यांचा काढायचाय त्यांना विचारून.”

तिसरी चौकट: माणसे वर्तुळात उभी, कुणीतरी पूर्वेकडे तोंड करून हात उचललेला. बाई शेजाऱ्याला हळूच विचारते, “मी काय म्हणायचं?” “काही नाही. सगळे वळतील तिकडे वळा.”

चौथी चौकट: मुलगा रेनकोटवाल्या आईचा कोट ओढतो आहे. ती विचारते, “मध्येच बाहेर जावं लागलं तर?” “नुसतं शेजाऱ्याला सांगा. कुणीतरी वाट उघडून देईल.” अनेक विक्का गटांत आखलेले वर्तुळ तसेच ओलांडून जात नाहीत, जाणकार व्यक्ती त्यात दार उघडल्याची कृती करते आणि माणूस बाहेर पडल्यावर ते मिटवते. नवख्यांना याचीच सर्वात जास्त धास्ती असते. विधीत अडकून पडू अशी त्यांची भीती असते, म्हणून या चौकटीतले चेहरे हसरे आणि निवांत असावेत.

पाचवी चौकट: मेपोल, म्हणजे फिती बांधलेल्या खांबाभोवतीचा नाच. सहावी: गवतावर चादरी, वाटून खाणे, आणि पहिल्या चौकटीतले भांडे रिकामे. शेवटच्या संवादाच्या फुग्यात उपदेश नको. “याची कृती लिहून द्याल का?” एवढा प्रश्न पुरे.

वर्तुळाची दिशा

उत्तर गोलार्धातल्या बहुतेक विक्का आणि ड्रुइड विधींमध्ये वर्तुळात फिरणे सूर्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे असते. उलट दिशा सोडवण्यासाठी, घालवून देण्यासाठी राखलेली असते. चित्रात दिशा चुकली तर जाणत्यांच्या नजरेत ते पहिल्या क्षणी भरते.

येथे चित्रपट्टीची एक खास अडचण उभी राहते. आपण वर्तुळाच्या बाहेर उभे राहून चित्र काढले, तर आपल्या जवळची, म्हणजे चित्रात सर्वात मोठी दिसणारी माणसे उजवीकडून डावीकडे चाललेली दिसतात. वाचकाची नजर मात्र डावीकडून उजवीकडे धावत असते, त्यामुळे माणसे आणि नजर एकमेकांवर आदळतात आणि चौकट अडते. नवा चित्रकार मग माणसे उजवीकडे वळवतो आणि चित्र ओघवते होते, पण वर्तुळ उलटे फिरू लागते. यावर उपाय असा की पाहण्याची जागा वर्तुळाच्या आत घ्यावी. मध्यावर उभे राहून बाहेर पाहिले की समोरची माणसे डावीकडून उजवीकडे जातात, दिशाही बरोबर राहते आणि वाचनाचा ओघही. देवळात प्रदक्षिणा घालणारे लोक गाभाऱ्यातून कसे दिसतील हे डोळ्यांपुढे आणले तर मराठी वाचकाला हे चटकन उमगेल, कारण दिशा तीच आहे. या जागेचा आणखी एक फायदा आहे: पट्टी वाचणारा आपोआप वर्तुळाच्या आत उभा राहतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

बाहेरूनच चित्र काढायचे असेल तर जवळची माणसे चौकटीच्या खालच्या कडेने कापून फक्त त्यांची डोकी दाखवावीत आणि लांबच्या माणसांच्या चालण्यावर भर द्यावा. ती डावीकडून उजवीकडेच जात असतात.

मेपोल

मेपोल हा सर्वात आकर्षक आणि सर्वात बिघडणारा भाग आहे. उंच खांबाच्या टोकाला फिती बांधलेल्या असतात, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक फीत असते, आणि नाचणारे सम संख्येत असतात. एका आड एक माणूस उलट दिशेला तोंड करून उभा राहतो. निम्मे एका दिशेने आणि निम्मे दुसऱ्या दिशेने निघतात, समोरून येणाऱ्याला एकदा वरून आणि एकदा खालून ओलांडतात, आणि फितींची वेणी खांबावर वरून खाली उतरत जाते. येथे दोन्ही दिशा असतात, म्हणून मागे सांगितलेला दिशेचा नियम या चौकटीला लागू नाही. आयोजकांपैकी कुणी हरकत घेतली तर हे सांगता यावे.

काढताना आधी खांबावरची गुंफलेली वेणी आणि मग समोरच्या दोनच माणसांचे ओलांडणे काढावे: एकाचा हात उंच, दुसरा वाकून त्याखालून जाताना. बाकीच्यांचे फक्त पाय आणि फितीच्या रेषा पुरतात. आठ माणसे पुरी काढायला गेले की 9 सेंटिमीटरच्या चौकटीत नुसता गुंता होतो. छपाई काळी-पांढरी असेल तर फिती एकीआड एक काळी, पांढरी आणि पट्टेदार ठेवाव्यात. मजकुरात ‘प्राचीन नृत्य’ म्हणू नये. नुसता मेपोल जुना आहे, इतका की इंग्लंडच्या संसदेने 1644 मध्ये त्यावर बंदी घातली होती. पण फितींची वेणी घालण्याचा प्रकार इंग्लंडमध्ये रुळला तो 19 व्या शतकात.

आग ओलांडण्याचा कार्यक्रम असेल तर चित्रात एका वेळी एकच माणूस उडी मारताना दाखवावा, त्याचा घोळदार झगा कमरेला खोचलेला असावा आणि शेजारी पाण्याची बादली असावी. लोक सूचना वाचत नाहीत, पण चित्रातले पाहून तसेच करतात.

चेहरे

ब्रिटनमध्ये 2010 च्या समता कायद्याने धर्म किंवा श्रद्धेवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. तरीही अनेक पेगन नोकरीच्या ठिकाणी, मुलांच्या शाळेत किंवा नातेवाइकांत आपली श्रद्धा सांगत नाहीत. काही जण विधीत वेगळे नाव वापरतात आणि तेच नाव मेळाव्यातल्या ओळखीत चालते. म्हणून गेल्या वर्षीच्या छायाचित्रावरून गर्दी काढण्याची सवय येथे सोडावी. पात्रे कल्पनेतली असावीत आणि ती कुणासारखीही दिसू नयेत. लांब पांढरी दाढी आणि डाव्या हातावर हरणाचे गोंदण हा तपशील चित्रकाराला गंमतीचा वाटतो, पण तो पाहून सहकारी त्या माणसाला ओळखू शकतो. मेळाव्यातली एखादी व्यक्ती स्वतःहून मला काढा म्हणाली तर लेखी होकार घ्यावा, आणि मुले मात्र कुणाचीही ओळखू येतील अशी काढूच नयेत.

माणसांत विविधता जरूर असावी: वयस्कर, चाकाच्या खुर्चीतली, वेगवेगळ्या वर्णांची. नवख्या वाचकाला आपल्यासारखे कुणीतरी आत दिसले की त्याची अर्धी भीती तिथेच जाते.

काय काढू नये

हिरवी कातडी, बाकदार नाक आणि उकळती कढई ही हॅलोविनच्या दुकानातली प्रतिमा आहे. काही गट स्वतःच तिच्यावर विनोद करतात, पण तो विनोद त्यांनी करायचा. बाहेरच्या चित्रकाराने तो छापून देऊ नये. पाच कोनांचा तारा काढायचा असेल तर एक टोक वर आणि भोवती वर्तुळ असा काढावा. हे श्रद्धेचे चिन्ह आहे, आणि अमेरिकेत 2007 पासून सैनिकांच्या सरकारी थडग्यांवरही ते कोरता येते. बेल्टेनच्या विधीत देव-देवीच्या मीलनाचे सूचन असते. ते फुलांनी आणि पानांनी दाखवावे, मुले वाचणार आहेत. दीक्षा घेतलेल्या सभासदांपुरते राखलेले मंत्र किंवा कृती कुणी विश्वासाने दाखवल्या असतील तरी पट्टीत येऊ देऊ नयेत.

पानांनी वेढलेला चेहरा, म्हणजे ‘ग्रीन मॅन’, मात्र बिनधास्त काढावा. 2023 मध्ये राजा चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेवरही तो होता. त्याच्याभोवती हॉथॉर्न या काटेरी झुडपाची पांढरी फुले काढावीत. मे महिन्यात तीच कुंपणांवर बहरलेली असतात.

आपल्याकडे एक विनंती हमखास येते: तुम्ही भारतातले, तर कोपऱ्यात काली किंवा गणपती काढाल का? काही पेगन काली मातेची मनापासून पूजा करतात आणि त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. पण विधीत तिचे आवाहन होणार नसेल तर केवळ सजावटीसाठी तिला कोपऱ्यात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नम्रपणे नाही म्हणावे, आणि का ते सांगावे. बहुतेक मंडळींना ते पटते, कारण इतरांच्या देवतांचा मान राखण्याविषयी त्यांच्यातही गंभीर चर्चा चालू असते.

टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहण्याच्या पत्त्यांच्या, चित्रांवरून प्रेरणा घेणाऱ्यांसाठी एवढे सांगतो की 1909 च्या प्रसिद्ध संचाच्या चित्रकार पामेला कोलमन स्मिथ 1951 मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांच्या मूळ चित्रांवरचा ब्रिटनमधला स्वामित्वहक्क 2021 अखेर संपला आहे. नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांचे तसे नाही.

कागद, शाई, अक्षरे

छपाई ए4 वर होणार असे धरू. चारही बाजूंना 10 मिलिमीटर मोकळे सोडावे, कारण साध्या यंत्रांना कडेपर्यंत छापता येत नाही. वर 25 मिलिमीटरची शीर्षकपट्टी आणि सर्वत्र 5 मिलिमीटरची फट ठेवली की दोन उभ्या रांगांत सुमारे 92 बाय 79 मिलिमीटरच्या सहा चौकटी बसतात. मूळ चित्र ए3 वर काढून 71 टक्क्यांवर लहान केले तर रेषा नेटकी होते, पण मग अक्षरेही लहान होतात. छापील पानावर मोठ्या अक्षरांची उंची किमान 3 मिलिमीटर हवी असेल तर ए3 वर ती सव्वाचार मिलिमीटर काढावी लागते.

अक्षरे आधी लिहावीत, चित्रे नंतर. फुगे उरलेल्या जागेत कोंबले की वाचणाऱ्याला बोलण्याचा क्रम कळत नाही. जो आधी बोलतो तो डावीकडे आणि त्याचा फुगा वर, हा नियम पाळावा आणि एका चौकटीत पंचवीसहून अधिक शब्द येऊ देऊ नयेत. पेन्सिलीवर पाण्याने न फिसकटणाऱ्या शाईने रेषा घ्यावी. करड्या छटा झेरॉक्समध्ये डागाळतात, त्याऐवजी रेषांची जाळी वापरावी. रेषाचित्र 600 डीपीआयवर (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करावे.

घरच्या इंकजेट यंत्राची बरीचशी शाई पावसात उतरते, लेझरची किंवा झेरॉक्सची नाही, म्हणून उघड्यावरच्या मेळाव्याची छपाई दुकानातून करून घ्यावी. लॅमिनेशन टाळावे. शेतात पडलेले प्लास्टिक या मंडळींना अजिबात रुचत नाही, पुनर्वापराचा जाड कागद चालतो.

मंजुरी

पेन्सिलीचा मसुदा दोघांना दाखवावा: विधी चालवणाऱ्या व्यक्तीला, आणि अशा मेळाव्याला कधीही न गेलेल्या एखाद्याला. पहिली व्यक्ती चुका सांगेल, दुसरीला काही न समजावता पान द्यावे आणि वाचून झाल्यावर विचारावे की फोनचे काय करायचे आणि मध्येच बाहेर कसे जायचे. ही दोन उत्तरे बरोबर आली तर शाई घ्यायला हरकत नाही. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी सहा चौकटींचे साध्या वाक्यांतले वर्णन आयोजकांना वेगळे द्यावे. पट्टी फक्त याच मेळाव्यासाठी की पुढेही वापरायची, आणि कुणी संकेतस्थळावर टाकायची का, हे आधीच लिहून ठरवावे. ब्रिटनमध्ये चित्राचा हक्क चित्रकाराकडे आपोआप राहतो, तो आयोजकांना देण्याची गरज नसते, वापराची परवानगी पुरते.

संगणकावर अक्षरे आणि चित्रे वेगवेगळ्या थरांवर ठेवावीत. पुढच्या वर्षी तारीख बदलायला ते सोयीचे जातेच, शिवाय पट्टी ऑस्ट्रेलियातल्या कुणा मराठी मित्राच्या गटाने मागितली तर त्याचा खरा उपयोग होतो. तिथले ऋतू इंग्लंडच्या उलट असल्याने बेल्टेन 31 ऑक्टोबरच्या सुमारास असतो, सूर्य उत्तरेकडून फिरतो, आणि अनेक गट वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने आखतात व अग्नी उत्तरेला मानतात. तेव्हा तिसऱ्या चौकटीचे चित्र आडवे उलटवावे, अक्षरांचा थर जागच्या जागी ठेवावा, बोलणाऱ्यांच्या जागा बदलल्याने फुग्यांची टोके पुन्हा जोडावीत, आणि हॉथॉर्नऐवजी तिथे त्या वेळी काय फुलते ते मित्राला विचारावे.